पाटीवरचा अभ्रा

३ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

पत्र बघून म्हणाल, सूनबाईला कधी नव्हे ती आठवण झाली. आधी फोन केला होता. वन्संनी तो तुमच्या हातात दिला आणि तुम्ही तिकडून "काय? कोण?" एवढंच म्हणत राहिलात. शेवटी "नको आहे, आमचा विमा काढून झालाय" असं मला सांगून ठेवून दिलात. म्हणून लिहायला बसले.

घाबरण्यासारखं काही नाही. परवाना कार्यालयाकडून तुमच्या नावाने नोटीस आली आहे. टॅक्सीच्या परवान्याची पाटी तुमच्या नावावर, म्हणून नोटीस तुम्हाला. केलं ते मी. मागच्या आठवड्यात ह्यांचा पाय मुरगळला, डॉक्टरकडे न्यायचं होतं. मला गाडी येते, साधं लायसन्स आहे, म्हणून मीच टॅक्सी काढली. कोणीतरी फोटो काढून कार्यालयात पाठवला. त्यात मी स्टिअरिंगवर आणि हे मागच्या सीटवर आडवे. बॅज नसलेल्या माणसाने टॅक्सी चालवली, तर पाटी रद्द का करू नये, असं विचारलंय. ११ एप्रिलला सुनावणी आहे.

मी तर पाटीवर कापडही टाकलं होतं. गाडी घरच्या कामाला चाललीय, भाड्याने नाही, हे लोकांना कळावं म्हणून. उशीचा अभ्रा होता, चिमटे लावून नीट बसवला होता. त्याचाच त्यांना जास्त राग आलाय म्हणे.

पाटीचे मालक म्हणून तुम्ही कार्यालयाला दोन शब्द लिहिलेत तर काम होईल. ह्यांचा पाय बरा आहे. काळजी करू नका.

तुमची,
सून


९ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

ज्या पत्रात "घाबरण्यासारखं काही नाही" असं असतं ते मी उभ्याने वाचत नाही. बसून वाचलं ते बरं झालं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. टॅक्सीचा दिवा बंद असो, ती दारात उभी असो, तू तिच्यातून भाजी आणायला जा नाहीतर माहेरी जा, ती टॅक्सीच असते. बॅजवाल्याने घरच्या कामाला नेली तर कोणी काही बोलत नाही. बिनबॅजवाल्याने गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला नेली तरी गुन्हा. तुझ्या सासूला सुट्टीच्या दिवशी तलावावर फिरायला न्यायचो तेव्हाही माझ्या छातीवर बॅज असायचा. ती म्हणायची, आज तरी काढा हो. मी काढला नाही.

आणि पाटी झाकायची तर परवानगीचं पत्र घेऊन झाकायची. तू अभ्रा टाकलास म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध प्यायलं. नुसती चालवली असतीस तर अडाणीपणा म्हणाले असते, आता लबाडी म्हणतील. तुमच्या शहरात पाट्या मोजक्या. मी अर्ज केला तेव्हा चिरंजीव रांगत होते, पाटी हातात आली तेव्हा ते माझ्या चपला घालून हिंडायला लागले होते. गेली तर पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि तोवर तुम्ही दोघं काय वारा खाणार?

बोलायचं ते बोललो. आता एक विचारतो. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी स्टँड आहे. तिथे चिरंजीवांचा जिवलग तो मिशा असतो. देव आला तरी भाडं सोडणार नाही असा माणूस, पण चिरंजीवाचा पाय मुरगळला म्हटल्यावर भाडं रस्त्यात उतरवून धावत आला असता. त्याला हाक का मारली नाहीस?

बाबा


१४ मार्च

ती. बाबा,

बोलणी पोटभर खाल्ली. पचतील हळूहळू.

मिशाभावजी त्या वेळी स्टँडवर नव्हते. कोणीच नव्हतं. सकाळची गर्दीची वेळ, सगळे भाड्यावर गेलेले. ह्यांना कळ सोसवत नव्हती आणि मला काही सुचेना, म्हणून काढली गाडी.

परवा कार्यालयाच्या निरीक्षकबाई घरी येऊन गेल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण बोलणं असं की खुर्चीसुद्धा सावरून बसेल. चहा नको म्हणाल्या. अभ्रा कुठे आहे, विचारलं. मी दाखवला. तो धुऊन परत उशीवर चढवला होता. तेही त्यांनी लिहून घेतलं. मग एकदम विचारलं, "कोणता पाय?" हे म्हणाले उजवा. त्याच क्षणी मी म्हणाले डावा. बाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि वही मिटली. जाताना मला दाराशी थांबवून म्हणाल्या, "जिवावरचा प्रसंग असेल तर समिती नियमाकडे जरा डोळेझाक करते. तसं काही होतं का?" मी नाही म्हटलं.

बाबा, तुम्ही सुनावणीला येऊन एवढंच म्हणाल का, की मीच सुनेला गाडी न्यायला सांगितली, म्हातारा माणूस, नियम विसरलो? तुमच्या वयाकडे बघून सोडून देतील. पाटी वाचेल.

ह्यांची तब्येत छान आहे. दुसऱ्या दिवशीच सकाळी शाळेची पोरं सोडायला गेले, एक खाडा नाही.

तुमची,
सून


१८ मार्च

सूनबाई,

नियम विसरलो असं मी म्हणावं? त्यापेक्षा माझं नाव विसरलो म्हणेन.

ते राहू दे. उजवा पाय मुरगळला तर ब्रेक दाबता येत नाही. डावा मुरगळला तर क्लच दाबता येत नाही. मग चिरंजीव दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पोरांना घेऊन गेले ते काय हातांनी पेडल दाबत?

काय झालं होतं ते लिही. नाहीतर मी उठून तिकडे येतो.

बाबा


२२ मार्च

बाबा,

पाय मुरगळलाच नव्हता.

हे सकाळी चहा घेत होते. कप हातातून सुटला. मी फडकं आणायला वळले आणि मागे धाडकन आवाज झाला. बघते तर हे जमिनीवर, अंग ताठ, मग झटके, तोंडाला फेस. फिट होती. मी डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. थांबलं तेव्हा मला ओळखेनात.

ही दुसरी वेळ. पहिली थंडीच्या दिवसांत आली होती. तेव्हाच ह्यांनी मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची नाही. दवाखान्यात नोंद झाली की ती परवाना कार्यालयात जाते, आणि फिट येणाऱ्याला बॅज ठेवत नाहीत. मिशाभावजी त्या दिवशी स्टँडवरच होते, मी त्यांच्या समोरून गाडी काढली. एकाला कळलं की स्टँडभर होतं, म्हणून हाक मारली नाही. लांबच्या गावात एक डॉक्टर आहेत, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, म्हणून तिकडे नेलं. ह्यांना मागे झोपवलं तेव्हा धड शुद्ध नव्हती. पहिलं वाक्य बोलले ते "पाटी झाक". मी घरात पळत गेले आणि समोर दिसली त्या उशीचा अभ्रा ओढला. तुम्ही मला मांजर म्हणालात. मांजरं दोन होती.

डॉक्टर म्हणाले, वर्षभर गाडीला हात लावायचा नाही, त्यानंतरचं त्यानंतर बघू. हे मान डोलवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फेरीला निघाले. मी पाया पडले, भांडले, काही उपयोग नाही. म्हणतात, गोळ्या चालू आहेत, आता येणार नाही. रोज ते गेले की मी खिडकीशी उभी राहते. रस्त्यावर कोणी मोठ्याने ओरडलं तरी दार उघडून बाहेर बघते. त्या पोरांच्या आया मला बाजारात भेटतात, "तुमच्या ह्यांच्यामुळे आम्हाला घोर नाही" म्हणतात, आणि मी हसते. मला माझीच लाज वाटते, बाबा.

आता सुनावणीचं बघा. खरं सांगितलं तर पाटी बहुतेक वाचेल, पण ह्यांचा बॅज जाईल. गप्प बसले तर पाटी जाईल, आणि हे दुसऱ्याची टॅक्सी पाळीने चालवायला घेतील. तसं बोलूनही ठेवलंय. म्हणजे मी तोंड मिटून पाटी घालवली तरी ह्यांचं गाडी चालवणं थांबणार नाहीच.

शपथ मोडून तुम्हाला लिहिलंय. मी काय करू ते सांगा.

सून


२६ मार्च

चि. सूनबाई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. लेक विचारत होती कोणाचं पत्र, मी म्हटलं विम्याचं. पोरगा चहा पिता पिता पडतो आणि बापाला ते नोटीस आली म्हणून कळतं. त्याचा मला राग आलाय आणि भीतीही वाटतेय. कोणतं जास्त ते माझं मलाच सांगता येत नाही.

त्याला वेगळं पत्र टाकलंय. पाटीचा मालक म्हणून लिहिलंय की गाडी आजपासून दारात उभी राहील, शाळेची फेरी मिशा करेल. मिशाला काय कारण सांगायचं ते त्याचं त्याने बघावं.

सुनावणीला मी येतो आणि सांगायचं ते मी सांगतो. तू अवाक्षर काढू नकोस. तुला त्याच्याबरोबर संसार करायचाय. मी काय, पिकलं पान. बोलायचा बंद झाला तर माझ्याशी होऊ दे, तसंही मला अर्धंच ऐकू येतं.

बॅज जाणं म्हणजे काय ते तू मला शिकवू नकोस आणि मी तुला शिकवत नाही. त्याच बॅजवर मी हे घर उभं केलं. तो जाणार म्हणून मला रडू येतं, खोटं कशाला बोलू. पण मागे लोकांची पोरं बसलेली असतात.

तोपर्यंत किल्ली त्याच्या हाताला लागू देऊ नकोस.

बाबा


२ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. "बाबांचं काय जातंय तिकडे बसून हुकूम सोडायला," म्हणाले, आणि फेरी चालूच ठेवली.

काल सकाळी मी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. ह्यांनी शोधून काढली, अंगभर पीठ. मी दारात आडवी उभी राहिले. "तू माझी बायको आहेस का त्या कार्यालयाची?" म्हणाले. आवाज चढलेला, आणि हात थरथरत होता. तो रागाने थरथरत होता की आणखी कशाने, ते मला कळेना. मला बाजूला करून गेले.

तुम्ही येईपर्यंत थांबायचं असं ठरलं होतं. पण तोवर रोज सकाळ होणार होती. मी चपला घातल्या आणि कार्यालयात गेले. निरीक्षकबाई नुकत्याच येऊन बसत होत्या. मी म्हटलं, "पाय मुरगळला नव्हता. फिट आली होती. आणि आत्ता ते पोरांना घेऊन गेलेत." त्यांनी पाणीबिणी विचारलं नाही. गाडीची किल्ली उचलली आणि मला घेऊन शाळेकडे निघाल्या.

रस्ताभर मी प्रत्येक वळणावर आपली टॅक्सी शोधत होते. कडेला, झाडाशी, कुठे गर्दी जमलीय का. फाटकापाशी पोचलो तर टॅक्सी नाही. बाकीच्या गाड्या येऊन गेल्या. घंटा झाली. पहारेकऱ्याने फाटकाचं एक दार लावलं. मी निरीक्षकबाईंचा दंड धरला. त्यांनीही हात सोडवून घेतला नाही.

मग कोपऱ्यावरून टॅक्सी आली, अगदी सावकाश. एकाचं दप्तर घरी राहिलं म्हणून परत फिरले होते. पोरं धडाधड उतरून पळाली. सगळ्यात धाकटीच्या बुटाची नाडी सुटली होती, ती ह्यांनी वाकून बांधली. मग वर बघितलं तर समोर आम्ही दोघी.

बाईंनी हात पुढे केला, ह्यांनी बॅज काढून दिला. त्यानंतर मजा बघा. ह्यांना बॅज नाही, मला नाही, निरीक्षकबाईंनाही नाही, आणि टॅक्सी शाळेच्या दारात आडवी. मिशाभावजी येईपर्यंत आम्ही तिघं फुटपाथवर उभे होतो, एकमेकांकडे न बघता. टॅक्सी मिशाभावजींनी घरी आणली. हे चालत आले.

तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. रात्री पाठ करून झोपले.

तुम्ही आता येऊ नका. आता सुनावणीत नव्याने सांगण्यासारखं काही उरलं नाही, आणि समितीसमोर मीच उभी राहणार आहे. गाडी मी चालवली होती.

सून


६ एप्रिल

चि. सूनबाई,

तिकीट परत केलं.

मी माझ्यावर घ्यायचं ठरवलं होतं ते तू स्वतःवर घेतलंस. तुझ्या जागी मी असतो तर तारखेपर्यंत थांबलो असतो. तू थांबली नाहीस म्हणून त्या पोरांचं काही बरंवाईट झालं नाही, आणि माझ्या पोराचंही. मला तुझा अभिमान वाटतो. हे लिहूनच सांगतो, फोनवर मी काय ऐकेन आणि काय बोलेन त्याचा भरवसा नाही.

पाटी राहिली तर तिला चालवणारं माणूस लागेल. तुला गाडी येते हे तर फोटोसकट सरकारदरबारी नोंदलेलं आहे. बॅजच्या परीक्षेला बस. मालकाची ना नाही. रस्त्यांची तोंडी परीक्षा अवघड असते, भलेभले रडतात.

चिरंजीवाचं म्हणशील तर तो लहानपणीही रुसला की बोलायचा नाही, पण जेवायचा. जेवतोय ना?

बाबा


१९ एप्रिल

ती. बाबा,

पाटी राहिली. सक्त ताकीद दिली, आणि अभ्र्याबद्दल वेगळी ताकीद दिली. समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, पुन्हा असं झालं तर ॲम्ब्युलन्स बोलवा." मी हो म्हटलं. हे मागच्या बाकावर बसून होते. निकाल ऐकून उठले आणि माझ्याआधी बाहेर पडले.

जेवत होते, पण ताट मी वाढायचं आणि निघून जायचं. दवाखान्यात आता उघड जातात, गोळ्या वेळेवर घेतात. मी परीक्षेचा अर्ज भरला, तो टेबलावर दिसेल असा ठेवला. त्यांनी त्यावर चष्मा ठेवला, बस.

काल आपल्या गल्लीत डांबर टाकायला माणसं आली. सगळ्या गाड्या समोरच्या बाजूला लावा म्हणाले. मिशाभावजी लांबच्या भाड्यावर गेलेले. रोलर कोपऱ्यावर येऊन धडधडत उभा, आणि आपली टॅक्सी मध्ये. मी निरीक्षकबाईंना फोन लावला, म्हटलं, गाडी ढकलली तर ते चालवणं होतं का? त्यांनी तो प्रश्न मला पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाल्या, "इंजिन बंद असेल तर मी काही ऐकलेलं नाही."

मग मी काचेतून हात घालून स्टिअरिंग धरलं आणि दाराला खांदा लावला. गाडी तसूभर हलेना. डांबरवाले काम सोडून बघायला लागले. घामाने डोळे झोंबत होते, आणि खरं सांगते, रडूही येत होतं. इतके दिवस आवरलेलं सगळं त्या टॅक्सीला टेकून बाहेर येत होतं. आणि एकदम गाडी थोडी हलली. वळून बघितलं तर हे मागे, पाटीशेजारी दोन्ही हात लावून.

"हँडब्रेक अर्धाच काढलायस," म्हणाले.

मी तो पूर्ण खाली केला. दोघांनी ढकलत गाडी पलीकडे नेली. लावून झाल्यावर दोघंही धापा टाकत पायरीवर बसलो. मला वाटलं आता उठून आत जातील. ते समोर बघत म्हणाले, "जुन्या पोस्टावरून इस्पितळाला जायचंय, पूल बंद आहे. कशी जाशील?"

मी सांगितलं बाजारातून.

"सकाळी बाजारातून? नापास."

डांबराचा वास येत होता. मी विचारलं, रागावलायत का अजून? म्हणाले, "हो." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी फाटकाशी तुम्हा दोघींना बघितलं ना, तर आधी सुटल्यासारखं वाटलं. राग नंतर आला." एवढं बोलून त्यांनी माझ्या हाताला लागलेलं ग्रीस स्वतःच्या सदऱ्याला पुसलं.

आज सकाळपासून रस्ते शिकवणार आहेत. गाडीतून कसे शिकवणार, म्हणून चालत. पहिला धडा स्टँडपासून. पत्र इथेच आवरते, कारण हे चपला घालून दाराशी उभे आहेत आणि "झालं का?" म्हणून दुसऱ्यांदा विचारतायत.

तुमची,
सून